पहिल्यांदा ॲक्युपंक्चरला जाताना

ताई, ॲक्युपंक्चर म्हणजे शरीरावर ठरावीक जागी बारीक सुया टोचून करायचा उपचार; त्याला उपाशीपोटी अजिबात जाऊ नका. उपवास असेल तर दुसरा दिवस घ्या, कारण रिकाम्या पोटी सुया टोचल्या की काहींना भोवळ येते. तासभर आधी पोहे-उपमा काहीतरी खा. सलवार किंवा पायजमा सैल हवा, गुडघ्यापर्यंत सहज वर घेता येईल असा.

सुईची भीती समजते मला. पण ही सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा खूपच बारीक आणि भरीव असते, तिच्यातून औषध जात नाही. टोचल्यावर जडपणा किंवा झिणझिण्या जाणवतात. सणकून दुखलं तर मात्र लगेच सांगा, सोसत बसू नका. साधारण वीस-तीस मिनिटं पडून राहायचं असतं.

सुयांचं पाकीट तुमच्यासमोरच फोडायला सांगा. यात संकोच नकोच! सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या हव्यात. महाराष्ट्रात या उपचारासाठी 2015 चा कायदा आहे, तेव्हा उपचार करणाऱ्याची नोंदणी आहे का तेही विचारा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पेसमेकर, गर्भारपण, यातलं काही असेल तर आधीच सांगा. काही ठिकाणी सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडतात; पेसमेकर असेल तर तो जोडू देऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.