घरखर्चाला हातभार लावायचा, तर कॉलेज कशाला सोडायचं?

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्यात राहतो. माझे मिस्टर महापेच्या एका कारखान्यात अकरा वर्षं स्टोअर सांभाळत होते. ऑर्डरी आटल्या म्हणून मार्चअखेर त्यांच्यासह बऱ्याच जणांना कमी केलं. मुलगा आता बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला जाईल, मुलगी दहावीत आहे. मुलगा म्हणतो, कॉलेज सोडतो आणि दिवसभर डिलिव्हरी करतो. टेलिग्रामवर कुणीतरी त्याला घरबसल्या 'टास्क' करायचं काम सांगितलंय, त्यासाठी आधी पाच हजार भरायचेत. मला वाटतं, बांगड्या मोडून चहाची फ्रँचायझी घ्यावी. तीन लाख मागतात. अशा मंदीत नेमकं काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, नवीन कमाई शोधण्याआधी जुनी हक्काची रक्कम घरात आणा. मिस्टरांची अकरा वर्षं भरली आहेत, म्हणजे ग्रॅच्युइटी (नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम) लागू होते. ती कंपनीची मेहेरबानी नाही, कायद्याने देणं आहे. हिशेब सोपा आहे : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणा, २६ ने भागा, मग वर्षांच्या संख्येने गुणा. ही बेरीज १८,००० असेल, तर अकरा वर्षांचे साधारण १ लाख १४ हजार होतात. अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. ते ठेकेदाराच्या नावावर काम करत असतील, तर अर्ज ठेकेदाराकडे करा आणि प्रत मूळ कंपनीला द्या. पीएफच्या खात्यात आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे का, नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का, हे आजच बघा. तारीख चढली नसेल, तर दावा तिथेच अडकतो. मालकाने ती टाकली नाही, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला स्वतः ऑनलाइन टाकता येते. मात्र पीएफ लगेच रिकामा करू नका. आधी ग्रॅच्युइटीवर काही महिने निघतात का ते पाहा.

आता मुलाचा विषय. त्याची तळमळ खरी आहे, त्याला रागावू नका. पण तिसरं वर्ष सोडणं हा या घराने करू नये असा सगळ्यात महागडा खर्च आहे. मंदीत नव्यांसाठीचा दरवाजा आधी आकसतो. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि पुढच्या वर्षी आपल्याकडच्या आयटी कंपन्यांनी कॅम्पसमधून निवडलेल्या मुलांनाही रुजू व्हायला कित्येक महिने थांबवलं होतं. जागा कमी आणि अर्ज ढीगभर, अशा वेळी पहिली चाळणी पदवीचीच लागते. दोन सेमिस्टर राहिलेला मुलगा त्या चाळणीतून वर येतच नाही.

डिलिव्हरीचं गणित त्यानेच कागदावर मांडावं. समजा, संध्याकाळी पाच तासांत ५०० रुपये मिळाले आणि गाडी ६० किलोमीटर फिरली. सिग्नल आणि गर्दीत स्कूटर लिटरला ४० देते असं धरलं, तर दीड लिटर पेट्रोल, म्हणजे दीडशेच्या वर गेले. ऑइल, टायर, बेल्ट, ब्रेक यांसाठी किलोमीटरला एक रुपया बाजूला काढा, आणखी ६० गेले. हातात उरले २८५ ते २९०, म्हणजे तासाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. हा झीजखर्च मुलं धरत नाहीत, म्हणून पहिले तीन महिने कमाई चांगली वाटते आणि चौथ्या महिन्यात गाडी गॅरेजला लागते. शिवाय घरगुती वापराच्या विम्यावर व्यावसायिक डिलिव्हरी करताना अपघात झाला, तर कंपनी दावा नाकारू शकते. विम्याच्या कागदावर वापराचा प्रकार काय लिहिलाय, ते आधी वाचा. सुट्टीत महिनाभर करायला हरकत नाही. त्यासाठी शिक्षण सोडणं मात्र मला अजिबात पटत नाही.

टास्कच्या कामाला हातही लावू देऊ नका. पद्धत ठरलेली असते : पहिल्या दिवशी व्हिडिओला लाइक केल्याचे शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात, विश्वास बसतो, मग 'प्रीपेड टास्क'साठी पाच हजार, मग अडकलेले पैसे सोडवायला वीस हजार. काम देणारा कधी पैसे मागत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे 'फक्त तुझं बँक खातं वापरायला दे, कमिशन घे.' त्या खात्यावरून फसवणुकीचे पैसे फिरतात, खातं गोठतं आणि पोलीस चौकशी खातेदाराची होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं, तरच ते थांबवता येतात.

मग करायचं काय? मंदीत लोक नवा फोन, सहल, सोफा पुढे ढकलतात. काही खर्च मात्र ढकलता येत नाहीत, कारण त्यांची तारीख कायद्याने ठरलेली असते. बी.कॉम.च्या मुलाने नेमकं तिथे शिरावं, आणि अशी कामं तुमच्या बिल्डिंगपासूनच सुरू होतात.

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीपासून ठाण्यातल्या कळव्यापर्यंत वीस ते साठ घरांच्या छोट्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. मोठी संकुलं मॅनेजर ठेवतात, छोट्या सोसायटीत सगळं खजिनदाराच्या डोक्यावर असतं. मार्चअखेरनंतर ४५ दिवसांत हिशेब तयार हवेत, ३१ जुलैपर्यंत ऑडिट, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा. मंदी असो वा तेजी, हे चुकत नाही. उलट मंदीत थकबाकी वाढते, म्हणून हिशेब चोख लागतो.

काम असं असतं : दर महिन्याची किंवा तिमाहीची बिलं काढायची, आलेल्या रकमा ज्या त्या सभासदाच्या खात्यावर टाकायच्या, वीज, पाणी, वॉचमन, लिफ्टची व्हाउचरं लावायची, बँकेचं स्टेटमेंट आपल्या वहीशी जुळवायचं आणि थकबाकीची यादी समितीला द्यायची. चाळीस घरांच्या सोसायटीला घडी बसल्यावर महिन्याला सहा-सात तास पुरतात. सुरुवातीला त्याने महिन्याला १,५०० रुपये सांगावेत. तीन सोसायट्या मिळाल्या की ४,५०० रुपये, तेही साधारण वीस तासांत आणि पेट्रोल न जाळता. डिलिव्हरीच्या तासाशी ताडून पाहा.

या कामात चुका कुठे होतात, ते मुलाला नीट वाचून दाखवा.

पहिली चूक सुरुवातीच्या शिलकेत होते. गेल्या वर्षीचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि घरनिहाय थकबाकीची यादी समोर ठेवायची. यादीची बेरीज ताळेबंदातल्या 'सभासदांकडून येणे' या आकड्याशी जुळलीच पाहिजे. नाही जुळली, तर फरक लिहून समितीची सही घ्यायची आणि मगच काम हातात घ्यायचं. नाहीतर दहा वर्षांपूर्वीचा घोळ त्याच्या नावावर जमा होतो.

दुसरी चूक व्याजाची. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) थकबाकीवर जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के व्याज घेता येतं आणि ते सरळ व्याज आहे. मुद्दल २,००० असेल, तर महिन्याचे ३५ रुपये झाले. पुढच्या महिन्यात मुद्दल ४,००० झालं की ७० रुपये. एक्सेलमध्ये मात्र मुलं एकूण येण्यावर सूत्र ओढतात, म्हणजे ४,०३५ वर व्याज लागतं. ते नकळत चक्रवाढ होतं आणि दोन-तीन वर्षांनी थकबाकीदार सभासद त्यावरूनच भांडण उभं करतो. मुद्दल आणि व्याज यांचे रकाने कायम वेगळे ठेवावेत.

तिसरी, आणि रोजची डोकेदुखी : बँकेत जमा दिसतं, पण कोणाचं ते कळत नाही. सभासद मेव्हण्याच्या यूपीआयवरून पैसे टाकतो आणि शेऱ्यात काहीच लिहीत नाही. अंदाजाने कुणाच्या खात्यावर ढकलायचं नाही. 'ओळख न पटलेली जमा' असं वेगळं खातं उघडायचं, तारीख आणि रक्कम नोटीस बोर्डावर लावायची, सभासदाने पुरावा दिला की वळती करायची. बिलाखाली ठळक छापायचं : पैसे पाठवताना शेऱ्यात घर क्रमांक लिहावा. एवढ्या एका ओळीने हे काम निम्म्यावर येतं.

निधीचे नियम त्याने पाठच करावेत. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, हे पैसे रोजच्या उत्पन्नात मिसळायचे नाहीत. भाडेकरू असलेल्या घराला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि पालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नाहीत. जीएसटी लागायला दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि सभासदाचं मासिक देणं ७,५०० च्या वर. छोट्या सोसायट्या यात बहुधा येत नाहीत, पण सभेत हा प्रश्न हमखास विचारला जातो.

रोख रक्कम आणि चेकबुक त्याने कधीच हातात घेऊ नये, नेटबँकिंगचा पासवर्ड तर मुळीच नको. त्याला फक्त स्टेटमेंट हवं. नेमणूक समितीच्या ठरावाने आणि पत्रावर. आणि तो हिशेब लिहिणारा आहे, ऑडिटर नाही, हे त्या पत्रात स्पष्ट असावं.

पहिलं काम मिळवायला जाहिरात लागत नाही. तुमच्याच खजिनदारांकडून एका महिन्याचं स्टेटमेंट आणि पावत्या मागाव्यात, ते जुळवून दोन पानांत दाखवावं. फुकट एवढंच, एक महिना. पुढच्या सोसायट्यांना विचारायचा मोसम जुलै-ऑगस्टचा. तेव्हा ऑडिटरचे आक्षेप हातात पडलेले असतात आणि सभा तोंडावर असते.

याला जोडून दुसरं दार आहे कर सल्लागारांचं. जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची तारीख दर महिन्याची ११, ३बी ची २०. त्यामुळे ५ ते २० या दिवसांत वाशी, तुर्भे, ठाण्यातल्या छोट्या कार्यालयांना बिलं चढवायला माणूस हवा असतो. एपीएमसीत मसाला आणि धान्य बाजारातल्या गाळ्यांवरही हिशेबाची अशी अर्धवेळ कामं निघतात. तिथे ओळखीवर विश्वास असतो, म्हणून मिस्टरांच्या स्टोअरमधल्या ओळखी इथे कामी आणा. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायला हजारो रुपये भरू नका. त्याची एज्युकेशनल आवृत्ती फुकट चालते, फक्त नोंदी महिन्याच्या ठरावीक तारखांनाच करता येतात. सरावाला तेवढं भरपूर झालं. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि लुकअपचं सूत्र पक्कं करावं. बाकी एक्सेल नंतर.

हातात काम येईपर्यंत बिल्डिंगमधल्या पाचवी ते सातवीच्या सहा मुलांची रोज एक तास शिकवणी त्याला घेता येईल. प्रत्येकी ७०० धरले तरी ४,२०० होतात, आणि पालक बाहेरचा महागडा क्लास बंद करतात तेव्हा अशी शिकवणी शोधतातच. मुलीचं दहावीचं गणितही त्याने रोज घ्यावं, तिच्या क्लासची फी वाचेल.

पदवीनंतर थेट नोकरी नसेल, तर घरी बसण्याऐवजी वर्षभराची अप्रेंटिसशिप. ३० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेवर अप्रेंटिस घेण्याचं कायद्याने बंधन आहे, आणि दिघ्यापासून नेरूळपर्यंतच्या एमआयडीसी पट्ट्यात अशा कंपन्या खूप आहेत. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० ठरलं होतं, त्याहून कमी कुणी देऊ केलं तर घेऊ नये. बी.कॉम.वाले यात बसतात. केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी करायची. अप्रेंटिसशिपचं पश्चिम विभागाचं मंडळ शीवला आहे. निकालाची वाट न पाहता शेवटच्या सेमिस्टरमध्येच कागद गोळा करून ठेवावेत. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असलं की अर्ज अडतो.

तुमच्या बांगड्या तशाच राहू द्या. फ्रँचायझीत तीन लाख हा फक्त प्रवेश असतो. त्यावर गाळ्याची अनामत, भाडं, माणूस आणि त्यांच्याकडूनच घ्यायचा माल. गिऱ्हाईक नसलं तरी भाडं थांबत नाही. तुम्हाला स्वयंपाकातच काही करायचं असेल, तर दहा डब्यांनी सुरुवात करा. घणसोली-महापे भागात खोल्या घेऊन राहणारी नोकरदार मुलं गिऱ्हाईक म्हणून मिळतील. समजा, डबा ८० रुपयांना आणि शिधा, गॅस, पोचवणं मिळून ५२ रुपये गेले. २६ दिवसांचे दहा डबे, हातात ७,२८० रुपये. पैसे दर सोमवारी आगाऊ घ्यायचे, उधारीचा डबा हाच या धंद्याचा शत्रू. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) छोट्या व्यवसायाची नोंदणी करा, फी नाममात्र आहे. छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी तर पूर्ण फुकट आहे, एजंटला त्याचे पैसे देऊ नका. धंद्यासाठी घरगुती सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक सिलिंडरचा खर्च आधीच हिशेबात धरा.

या आठवड्यात दोनच कामं करा : ग्रॅच्युइटीचा अर्ज पोच घेऊन द्या, आणि मुलाला खजिनदारांकडे पाठवा.