१६ कोअर, पण वेग निम्माच

प्रश्न : ५०,००० कणांच्या प्रत्येक जोडीची ऊर्जा काढणारा सी प्रोग्राम ओपनएमपी (लूपच्या फेऱ्या अनेक कोअरवर वाटणारी सोय) वापरून समांतर केला. १ कोअरवर २४० सेकंद लागतात, ४ वर १०५, ८ वर ५६ आणि १६ वर २९. शेवटी १५ यायला हवे होते. अमडालच्या नियमातला क्रमिक भाग, म्हणजे कोअरमध्ये वाटताच न येणारं काम, नडतोय का?

उत्तर : नाही, आणि हे तुमचेच आकडे सांगतात. ४ कोअरचा वेळ अमडालच्या सूत्रात घातला तर क्रमिक भाग २५ टक्के निघतो. तो खरा असता, तर १६ कोअरवर ७१ सेकंद लागले असते. तुमच्याकडे कोअर दुप्पट केले की वेळ जवळपास निम्मा होतोय. काम वाटलं जातंय, पण समान नाही.

प्रत्येक जोडी एकदाच मोजायची, म्हणून पहिल्या कणाच्या वाट्याला ४९,९९९ जोड्या येतात, शेवटच्याच्या वाट्याला एकही नाही. वेगळं काही सांगितलं नाही, तर जीसीसी (सीचा कंपाइलर) स्टॅटिक, म्हणजे आधीच ठरलेलं, वाटप करतो : कणांचे सलग १६ समान तुकडे, प्रत्येक थ्रेडला (एका कोअरवर चालणाऱ्या धाग्याला) एक. पहिल्या थ्रेडकडे ६.२५ ऐवजी १२.१ टक्के काम जातं. २४० चे १२.१ टक्के म्हणजे तुमचे २९ सेकंद! बाकीचे पंधरा थ्रेड आपलं काम उरकून त्याची वाट बघत बसतात.

शेड्यूल, म्हणजे वाटपाची पद्धत, डायनॅमिक करा (मोकळा झालेला थ्रेड पुढचा तुकडा मागतो) आणि तुकडा ३२ फेऱ्यांचा ठेवा. तुकडा फार लहान घेतला, तर दर वेळी नवं काम मागण्याचा खर्च वाढतो. हजारोंचा घेतला, तर पुन्हा तीच विषमता. तुकडे लहान करत जाणारं गाइडेड शेड्यूल मात्र इथे फसवतं. जीसीसीत त्याचा पहिला तुकडा उरलेल्या फेऱ्यांचा सोळावा हिस्सा असतो, म्हणजे नेमका तोच जड तुकडा. ते वापरायचंच असेल, तर लूप उलटा फिरवा : हलक्या फेऱ्या आधी, जड शेवटी.

पर्याय ताडून बघायला शेड्यूल रनटाइम लिहा. मग पर्यावरण चल (प्रोग्रामच्या बाहेरून दिलेलं मूल्य) बदलला की पुरे, पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. वेळ सीच्या क्लॉक फंक्शनने मोजू नका. लिनक्सवर ते सगळ्या थ्रेडचा वेळ एकत्र जोडतं.

प्रश्न : स्लर्मच्या (सामायिक संगणक-समूहावर जॉब लावणाऱ्या व्यवस्थेच्या) रांगेत माझा २ तासांचा जॉब अडकून राहतो. मी सुरक्षित म्हणून ७२ तास मागतो.

उत्तर : तेच नडतंय. मोठ्या जॉबसाठी नोड (समूहातले संगणक) राखून ठेवलेले असताना मधल्या रिकाम्या वेळात स्लर्मचं बॅकफिल लहान जॉब बसवतं. पण तुम्ही मागितलेली मुदत बघून, खरी नाही. ३ तास मागा. मुदत संपली की जॉब मारला जातो, म्हणून चेकपॉइंट ठेवा, म्हणजे अधूनमधून झालेलं काम जतन करा.