‘पोर्ट’ या शब्दाबद्दल

हर्णैच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा भाचा जहाजावर जाण्यासाठी प्रशिक्षण घेतो आहे. त्याच्या पुस्तकात पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू असं दिलंय. घरात मात्र पोर्ट म्हणजे बंदर एवढंच ठाऊक. त्यातच वाडीत रेंज येत नाही म्हणून ताईंच्या यजमानांनी नंबर पोर्ट करून घेतला, आणि फोन दुरुस्त करणारा म्हणाला की चार्जिंग पोर्ट गेलाय. ताई विचारतात, एका शब्दाचे इतके अर्थ कसे झाले, आणि यातला मूळ अर्थ कोणता?

मूळ अर्थ शोधायला गेलं की एक नाही, तीन शब्द हाती लागतात. लॅटिनमध्ये पोर्तुस म्हणजे बंदर, पोर्ता म्हणजे दरवाजा आणि पोर्तारे म्हणजे वाहून नेणं. काही थेट लॅटिनमधून, काही फ्रेंचमधून असे हे इंग्रजीत आले, वाटेत त्यांची शेवटची अक्षरं गळाली आणि तिघांचंही ‘पोर्ट’ झालं. डाव्या बाजूचा अर्थ नंतरचा. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण भाच्याला तोच लागणार आहे.

आधी बंदर. पोर्ट्समथ, एअरपोर्ट हे सगळे याच घरातले. पण मला यातला सर्वांत आवडता शब्द आहे ‘ऑपॉर्च्युनिटी’. लॅटिनमध्ये ओपोर्तुनुस हे वाऱ्याचं विशेषण होतं: गलबताला बंदराकडे नेणारा तो वारा ओपोर्तुनुस. त्यावरून सोयीची वेळ, आणि पुढे संधी. शिडाच्या होड्या ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हाकल्या, त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पोर्तुगाल या नावातही बंदरच आहे. दोरू नदीच्या मुखाशी पोर्तुस काले नावाची वस्ती होती, तिच्यावरून देशाचं नाव पडलं. तिथल्याच पोर्तो शहरातून जी गोड, जड वाइन जहाजांनी बाहेर जाऊ लागली ती पोर्ट वाइन. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं कडक मद्य घालतात, त्यामुळे आंबणं थांबतं आणि गोडी शिल्लक राहते. म्हणजे गोव्याहून येणाऱ्या बाटलीवरच्या ‘पोर्ट’चा आपल्या धक्क्याशी संबंध आहे तो त्या शहराच्या नावापुरता. ज्या लोकांनी आपल्याला चावी, पाव, काजू आणि हापूस हे शब्द दिले, त्यांच्या देशाच्या नावाचा अर्थ असा किनाऱ्यावरचा निघावा याचा मला फार आनंद होतो.

आता थोडं खोल जाऊ. हे तिन्ही लॅटिन शब्द एकाच जुन्या धातूपर्यंत जातात, आणि त्याचा अर्थ ‘पलीकडे जाणं’ असा आहे. संस्कृतातलं पारयति त्याच धातूचं, आणि आपलं ‘पार’ही. इंग्रजीत नदी पायी ओलांडण्याच्या उथळ जागेला फोर्ड म्हणतात, तोही त्याच कुळातला. ‘पूल’ हा शब्द आपण फारसीतून घेतला, पण प्राचीन इराणी भाषेतलं त्याचं रूप पाहिलं तर तेही याच धातूशी जाऊन भिडतं. दाभोळ-धोपावे किंवा वेशवी-बागमांडले या फेरीबोटींतली ‘फेरी’ आपल्याला ‘फेरी मारणं’ यातली वाटते. तशी ती नाही. ती इंग्रजी फेरी, म्हणजे नदी-खाडी ओलांडून नेणारी नाव, आणि तिचा धातूही हाच. फेरीबोटीने खाडी पार करून कोणी पोर्टवर उतरला, तर त्या वाक्यात या एका कुळातले तीन शब्द आले.

दरवाजाचा पोर्ट लवकर आटोपतो. जहाजाच्या कुशीत तोफांसाठी किंवा माल भरण्यासाठी झडपेची दारं ठेवत, ती पोर्ट. खोलीला उजेड देणारी गोल खिडकी ती पोर्टहोल. यंत्रातून काहीतरी आत-बाहेर जाण्याची जागा हा अर्थ तिथून फार दूर नाही, आणि तोच तुमच्या चार्जिंग पोर्टचा. संगणकाच्या जाळ्यात तर हा दरवाजा डोळ्यांना दिसतही नाही, नुसता क्रमांक असतो: ० ते ६५५३५. सुरक्षित संकेतस्थळ उघडतं तेव्हा बहुतेक वेळा ४४३ क्रमांकाच्या दारातून ये-जा चालते. इथे कोणी भाषांतर करताना ‘बंदर’ लिहिलं तर ते सरळसरळ चूक ठरेल.

नंबर पोर्ट करणं हे वाहून नेण्याचं. पोर्टेबल म्हणजे नेता येण्याजोगं, पोर्टर म्हणजे हमाल, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट म्हणजे आत आणणं आणि बाहेर नेणं. भारतभर मोबाइल नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय २० जानेवारी २०११ला सुरू झाली आणि ‘पोर्ट’ असं लिहून १९०० वर संदेश पाठवायची पद्धत घरोघरी कळली. मराठीत ‘पोर्ट करणे’ हे क्रियापद रुळलं ते खऱ्या अर्थाने तेव्हापासून. त्याला बळेच प्रतिशब्द शोधावा असं मला वाटत नाही. समुद्रावरच्या पोर्टला मात्र ‘बंदर’ हा भरघोस शब्द आपल्याकडे असताना तो सोडू नये. तोही फारसीतूनच आला, पण आपल्या किनाऱ्यावर पुरता मुरलाय.

आता भाच्याचा पोर्ट. जुन्या युरोपात जहाजाला मागे मधोमध सुकाणू नसे. मागच्या भागात उजव्या अंगाला एक मोठं वल्हं बांधून त्याने दिशा देत, कारण बहुतेक माणसं उजव्या हाताने काम करणारी. ती सुकाणूची बाजू, म्हणून स्टीअरिंगचं जुनं रूप आणि जहाजाची कड या अर्थाचं बोर्ड मिळून स्टारबोर्ड. ते वल्हं धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डाव्या कुशीने लावत. माल चढायचा तो त्याच बाजूने. या बाजूला आधी लारबोर्ड म्हणत. पण वाऱ्यात, लाटांच्या आवाजात ओरडून सांगितलं तर लारबोर्ड कुठलं आणि स्टारबोर्ड कुठलं? बंदराकडची बाजू म्हणून पोर्ट हा शब्द खलाशांत आधीपासून होताच. ब्रिटिश आरमाराने १८४४मध्ये तोच वापरायचा हुकूम काढला, अमेरिकनांनी १८४६मध्ये.

नुसतं ‘डावीकडे’ का म्हणत नाहीत? कारण माणूस वळला की त्याचं डावं-उजवं बदलतं. पोर्ट बदलत नाही. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केल्यावर जी डावी, ती कायमची पोर्ट, मग तुम्ही कुठेही तोंड करून उभे असा. रात्री त्या बाजूला लाल दिवा असतो आणि स्टारबोर्डला हिरवा. पोर्ट वाइन लाल असते, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. हे ताईंना हर्णैच्या किनाऱ्यावरूनच पाहता येईल. आपण पश्चिमेला तोंड करून उभे आहोत आणि किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसतोय, तर ती जयगड-मालवणच्या दिशेने चालली आहे. हिरवा दिसला तर मुंबईकडे. दोन्ही एकदम दिसले, तर बोटीची नाळ थेट आपल्याकडे आहे.

भाच्याला आणखी एक गोष्ट सांगा. जुन्या इंग्रजी समुद्रकथा तो वाचेल तेव्हा ‘पोर्ट’ची आज्ञा मिळाल्यावर जहाज उजवीकडे वळलेलं त्याला दिसेल. ती छपाईची चूक नाही. पूर्वी आज्ञा सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असे. लहान होडीत बसलेल्या कुणालाही माहीत आहे की दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. १९१२मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर दिलेली आज्ञा स्टारबोर्डची होती आणि जहाज वळलं ते डावीकडे, याच रीतीमुळे. १९३०च्या दशकात ही पद्धत मोडून आज्ञेचा आणि जहाज वळण्याचा अर्थ एकच केला गेला. त्यामुळे आज त्याच्या परीक्षेत ‘पोर्ट’ म्हटलं की जहाज डावीकडेच वळवायचं.