‘इंटरेस्ट’ म्हणजे स्वारस्य नव्हे

जोनाथन ग्लेझर यांच्या २०२३च्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ या चित्रपटाचं नाव मराठीत ‘स्वारस्य क्षेत्र’ असं द्यावं का, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. अजिबात देऊ नये. निविदांच्या जाहिरातींतल्या ‘स्वारस्याच्या अभिव्यक्ती’ने (‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’चं भाषांतर) या शब्दाची आधीच पुरती वाट लावली आहे. स्वारस्य म्हणजे एखाद्या गोष्टीतली अंगची गोडी, तिच्यातलं मर्म. चित्रपटाचं नाव आलं आहे ते जर्मन ‘इंटरेसेनगेबीट’वरून. एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाच्या लेखी तो म्हणजे ऑशविट्झ या मृत्युछावणीभोवतीचा सुमारे ४० चौरस किलोमीटरचा मुलूख. तिथल्या पोलिश गावकऱ्यांना हुसकावून तो छावणीसाठी बळकावला होता. यात गोडी कुठली? ‘हितसंबंधांचा टापू’ म्हणा.

खरी मौज ‘इंटरेस्ट’च्या मुळाशी आहे. लॅटिन ‘इंतेर’ म्हणजे मध्ये, ‘एस्से’ म्हणजे असणे. मध्ययुगीन कायद्यात ‘इंतेरेस्से’ ही धनकोच्या नुकसानीची भरपाई होती : पैसे वेळेवर मिळते तर त्याची जी स्थिती असती ती आणि आजची स्थिती, यांमधलं अंतर. तिथून हा शब्द व्याजावर आला. आता आपलं ‘व्याज’ बघा. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. ‘निर्व्याज’ आणि ‘व्याजस्तुती’ त्यातलेच. म्हणून ‘सावकाराचं कपट ते व्याज’ अशी व्युत्पत्ती लोक बेधडक ठोकून देतात. मला ती साफ अमान्य आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘व्याजी’ नावाची वसुली येते. मापातली तूट भरून निघावी म्हणून वर घेतलेली रक्कम ती. म्हणजे इथेही अंतराचीच किंमत! व्याजीचं मूळही कपटातच आहे, असं कोशवाले म्हणतील. म्हणोत. पण त्या वसुलीत सावकार कुठेच नाही, ती राजाच्या कोठारातली आहे, आणि आपलं व्याज तिथूनच आलं असं माझं ठाम मत आहे.

चित्रपटात हे अंतर एका भिंतीएवढं आहे. भिंतीच्या अलीकडे छावणीचा कमांडंट रुडॉल्फ ह्योसचं घर (हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस वेगळा, त्यांची सरमिसळ थांबवा), पत्नी हेडविगची फुलबाग, मुलांचे खेळ. पलीकडच्या हत्या दिसत नाहीत, ऐकू येतात; ध्वनीचं ऑस्कर मिळालं ते या कामाला. हेडविग आरशासमोर फरचा कोट अंगावर चढवून बघते. कोट छावणीत आणलेल्या कुणा बाईचा. खिशात तिची लिपस्टिक सापडते, तीही हेडविग ओठांना लावून बघते.

जर्मन ‘इंटरेसे’त आवड आणि हितसंबंध दोन्ही आहेत, हेडविगला बागेची आवडही आहे, हे मान्य. मराठीत एका शब्दात दोन्ही मावत नसतील तर ताब्याचा अर्थ आधी राखावा; तो कोट तिच्या अंगावर आला तो ताब्यामुळे, आवडीमुळे नव्हे. ‘छावणीचा अंमल’ हेही नाव मला चालेल.