सूरपाटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या बारचं नाव घेतलंत. फोटो पाहिले आणि चक्रावलो. बोगद्यासारखी अरुंद खोली, भिंतींवर पत्रकांचे थरावर थर. पॅटी स्मिथ, रामोन्स, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स ही रॉक गाणारी-वाजवणारी सगळी मंडळी असल्या एका गुत्त्यातून कशी काय निघाली? मालक गाण्याचा एवढा दर्दी होता का?

उत्तर : दर्दी होता, पण भलत्याच गाण्यांचा. हिली क्रिस्टल यांनी डिसेंबर १९७३मध्ये बावरी रस्त्यावर ३१५ नंबरच्या जागेत हा बार थाटला, तो कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज हे अमेरिकेतल्या लोकसंगीतातून आलेले प्रकार ऐकवायला. सीबीजीबी ही त्याचीच आद्याक्षरं. ते स्वतः एकेकाळी रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या गायकवृंदात गायलेले, व्हिलेज व्हॅनगार्ड हा जाझचा क्लब सांभाळलेले. आपल्या दारात पंक, म्हणजे रॉकचा तो झटपट, ओबडधोबड अवतार, उगवणार आहे याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. तेव्हा रत्नपारखी नजर वगैरे विसरा. श्रेय द्यायचंच तर मी रिकाम्या खुर्च्यांना देईन.

बावरी म्हणजे तेव्हा दारुड्यांचा आणि बेघरांचा रस्ता. बारच्या डोक्यावरच रात्रीपुरता निवारा देणारं स्वस्त हॉटेल. कंट्री ऐकणारा माणूस तिकडे फिरकेना. त्याआधी ऑगस्ट १९७३मध्ये मर्सर आर्ट्स सेंटर ज्या जुन्या इमारतीत होतं, ती चक्क कोसळली होती. न्यूयॉर्क डॉल्स आणि त्यांच्या पठडीतल्या बँडांचा तो अड्डा. म्हणजे इकडे गिऱ्हाईक नाही आणि तिकडे वाजवायला जागा नाही. मार्च १९७४च्या शेवटी टेलिव्हिजन या बँडला एक रविवार मिळाला. नाहीतरी रविवारी गल्ल्यात काय पडणार होतं?

ऑगस्टमध्ये रामोन्स आले. गाणी जेमतेम दोन-दोन मिनिटांची आणि मधेच स्टेजवर आपसात भांडण. ऐकायला मूठभर लोक. एखाद्या नीटनेटक्या हॉलवाल्याने त्यांना पुन्हा दारात उभं केलं नसतं. क्रिस्टल यांनी परत बोलावलं, आणि नंतरही बोलावत राहिले. बिघडण्यासारखं होतंच काय तिथे!

त्यांच्या अटी दोनच. आपलं सामान आपण वाहायचं आणि गाणी स्वतःची वाजवायची. मला दुसरी अट लाखमोलाची वाटते. बारमध्ये सहसा लोकांना ओळखीची हिट गाणी हवी असतात. ती वाजवून बँडचा हात बसतो, चार पैसेही सुटतात, पण पोतडीत स्वतःचं काही साठत नाही. इथे पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहायचं तर नवं लिहिणं भागच होतं. आणि समोर बसलेले निम्मे लोक दुसऱ्या बँडमधले, त्यामुळे जुनंच दळण दळलं तर लगेच कळायचं. १९७५च्या सुरुवातीला पॅटी स्मिथ आणि टेलिव्हिजन यांनी आठवड्यामागून आठवडे तिथे वाजवलं. त्याच वर्षाच्या शेवटी पॅटीचा पहिला अल्बम बाजारात आला. त्या उन्हाळ्यात क्रिस्टल यांनी रेकॉर्ड न निघालेल्या बँडांचा महोत्सवच भरवला आणि मग पत्रकारांनाही बावरीचा रस्ता सापडला.

आणि हो, जागा कळकट होती म्हणून आवाजही तसाच असेल असं समजू नका. नंतरच्या काळात बसवलेली ध्वनियंत्रणा चांगली नावाजलेली होती. पैसा कुठे घालायचा हे मालकाला बरोब्बर कळत होतं. रंगरंगोटीत तो घातला नाही, इतकंच.

प्रश्न : एवढं नाव होतं तर बंद का पडला?

उत्तर : भाड्यापायी. घरमालक होती बावरी रेसिडेंट्स कमिटी, म्हणजे बेघरांसाठी काम करणारी संस्था. थकबाकीचा वाद कोर्टात गेला आणि शेवटी जागा सोडावी लागली. १५ ऑक्टोबर २००६ रोजी पॅटी स्मिथचा तिथला अखेरचा कार्यक्रम झाला. पुढच्याच ऑगस्टमध्ये क्रिस्टल गेले. २००८मध्ये त्या जागेत जॉन व्हारवाटोस यांचं महागड्या कपड्यांचं दुकान आलं. यात कुणा एकाला खलनायक ठरवणं मला जमत नाही. पडेल भाडं होतं म्हणून बार तगला, बारमुळे वस्तीचं नाव झालं, आणि नाव झालेल्या वस्तीत पडेल भाडं कोण ठेवतो?

प्रश्न : त्या बारचं शौचालय म्हणे संग्रहालयात मांडलं होतं. थाप ना?

उत्तर : थाप नाही. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पंक आणि फॅशन या विषयावर प्रदर्शन भरलं, त्यात त्या शौचालयाची प्रतिकृती उभारली होती. मूळ बारमध्ये क्रिस्टल यांचं सालुकी जातीचं कुत्रंही मोकळं फिरायचं आणि मनाला येईल तिथे आपले विधी उरकायचं. तेवढा भाग प्रदर्शनात मांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.