कंपनीचं नाव नको, वरच्या खुर्चीत कोण बसलंय ते बघा

कुरियरच्या धंद्यात माझी वीसेक वर्षं गेली. त्यातली पहिली तीन वागळे इस्टेटमधून बाईकवर. त्या अनुभवावर या वेळच्या पाच प्रश्नांची उत्तरं.

प्रश्न : मी कळव्याचा, वय 24. दीड वर्ष मानपाडा भागात पार्सल वाटतोय. पार्सलमागे रेट आहे, महिन्याला 22 हजारांच्या आसपास होतात, पेट्रोल माझं. दोन ऑफर आहेत. खारघरला पार्सलमागे 2 रुपये जास्त. दुसरी भिवंडीजवळ माणकोलीच्या सॉर्टिंग सेंटरला (पिनकोडनुसार पार्सलं वेगळी करतात तिथे) शिफ्ट सुपरवायझर ट्रेनी, पीएफ कापून हातात 16,500. घरचे म्हणतात, पगार कमी घेऊन कोणी पुढे जातं का?

आधी खारघरचा हिशेब कागदावर मांडा. रोज 60 पार्सल धरली तर 120 रुपये जादा. कळव्याहून खारघर एका बाजूने साधारण 25 किलोमीटर. बाईक 45 चं ॲव्हरेज देत असेल, तर नुसतं कामावर जाऊन-येऊन रोज लिटरभर पेट्रोल. दोन रुपये ऐरोलीच्या पुढेच जळाले. शिवाय मानपाड्यात कुठला वॉचमन अडवतो, कुठल्या टॉवरची सर्व्हिस लिफ्ट दुपारी बंद असते, कोणाचं पार्सल शेजारी ठेवलं तरी चालतं, हे तुम्हाला पाठ आहे. खारघरला ही पुंजी शून्य. पहिला महिना 60 चे 45 होतील.

तुमचे 22 हजारही खरे 22 नाहीत. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, रिचार्ज मिळून 5 हजार तरी जात असतील. उरले 17. म्हणजे माणकोलीला तुम्ही 500 रुपये सोडताय आणि पीएफ मिळवताय. घरच्यांना हे आकडे दाखवा, वाद मिटेल.

तरीही लगेच हो म्हणू नका. एकदा शिफ्ट सुटायच्या वेळी तिथल्या गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्या आणि बाहेर पडणाऱ्यांना एवढंच विचारा : सध्याचा सुपरवायझर आधी काय करायचा? ‘इथेच बॅगा उचलायचा’ असं उत्तर आलं तर त्या जागेला शिडी आहे. ‘सगळे हेड ऑफिसहून येतात’ असं आलं तर पाटीवर कितीही मोठं नाव असू दे, ट्रेनी हा शब्द तुम्हाला चार वर्षं चिकटून राहील.

दुसरं, पत्र कोणाच्या नावाचं आहे? कंपनीचं की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं? मी हे विचारलं नव्हतं. पहिल्या नोकरीत इनचार्जची जागा रिकामी झाली, संध्याकाळची कॅश जुळवण्यापासून सगळं मीच करत होतो, आणि ‘तू आमच्या रोलवरच नाहीस’ म्हणून बाहेरचा माणूस आणला. त्याला काम शिकवायलाही मलाच बसवलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ते मागा. ट्रेनीचा काळ किती महिने, नंतर पद काय, हे त्यात लिहून घ्या.

या दोन्ही गोष्टी जमल्या तर माणकोली घ्या. बाईकवर तुम्हाला फक्त शेवटचा टप्पा दिसतो. तिथे गाडी डॉकला लागते, सील तपासलं जातं, बॅगा मॅनिफेस्टशी, म्हणजे सोबत आलेल्या मालाच्या यादीशी जुळवल्या जातात, आणि मग खरी गंमत सुरू होते. मानपाड्याचा पिनकोड 400607, नेरुळचा 400706. रात्री तीनला झोपाळलेल्या डोळ्यांनी हे दोन एकमेकांच्या ढिगात जातात आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याचा रायडर नेरुळची 30 पार्सलं बघून शिव्या घालतो. त्या शिव्या तुम्ही खाल्ल्या आहेत की नाही? म्हणूनच तुम्ही चांगले सुपरवायझर व्हाल. फक्त पावसाळ्यात खारेगाव ते माणकोली या पट्ट्याला तासभर जादा धरा.

प्रश्न : मी बी.कॉम., ऐरोलीला राहते. महापेच्या हबमध्ये, म्हणजे पार्सलं वाटपाला निघतात त्या केंद्रात, ऑफिसचं काम मिळतंय. कुरियरमध्ये बायकांना पुढे वाव असतो का?

असतो, पण कुठल्या टेबलावर बसवतात त्यावर आहे. फक्त एंट्री मारायला बसवणार असतील तर नको. एनडीआरचं, म्हणजे न पोचलेल्या पार्सलांचं टेबल मागा. तिथे रोज ग्राहक, रायडर आणि माल पाठवणारा विक्रेता या तिघांशी बोलावं लागतं. दोन वर्षांत हबचं दुखणं कुठे आहे ते इनचार्जच्या आधी तुम्हाला कळेल. (आमच्याकडे आरटीओ म्हणजे माघारी जाणारं पार्सल. नवीन मुलगी ‘आज आरटीओ 40’ ऐकून गाड्या पकडल्या असं समजते, ठरलेलंच.) सोबत कॅश जुळवणी शिकून घ्या. बी.कॉम.चा उपयोग तिथे होतो, आणि ज्याच्याकडे कॅश त्याच्याकडे अर्धा हब.

रात्रपाळी तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. संमती दिलीत तर ने-आण आणि सुरक्षेची जबाबदारी मालकाची. गाडी दारापर्यंत येणार की घणसोली स्टेशनला सोडणार, हे आधीच विचारा.

प्रश्न : मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला, आता 19 वर्षांचा आहे. पोस्टात ग्रामीण डाकसेवक भरावं की खाजगी कुरियर?

फॉर्म जरूर भरा. परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते, वय 18 ते 40. पण नातेवाइकांना ‘सरकारी नोकरी लागली’ म्हणून पेढे वाटण्याआधी समजून घ्या : डाकसेवक हा नियमित सरकारी कर्मचारी नसतो. काम दिवसाला चार-पाच तासांचं, मोबदला पदानुसार 10 किंवा 12 हजारांपासून, वर महागाई भत्ता. शाखा डाकघरं बहुतेक खेड्यांत, म्हणजे शहापूर-मुरबाडकडे राहायची तयारी हवी. त्यातलं सोनं पुढे आहे : खात्यांतर्गत परीक्षा देऊन एमटीएस (मल्टि-टास्किंग स्टाफ), पोस्टमन होता येतं. अभ्यासाची सवय असेल तर पोस्ट. पुस्तक बघून झोप येत असेल तर कुरियर, तिथे पायांनी वर चढता येतं.

प्रश्न : एजन्सी बॅग आणि टी-शर्टसाठी 3 हजार डिपॉझिट मागतेय. द्यावं का?

नाही. तिथून चालू लागा.

प्रश्न : तुर्भ्याला टीम लीडर आहे, सहा वर्षं झाली. कंपन्या एकमेकींना विकत घेतायत, धाकधूक वाटते. नवी मुंबई विमानतळावर कार्गोत जाऊ का?

धाकधूक खोटी नाही. 2025 मध्ये डेल्हिव्हरीने ईकॉम एक्स्प्रेस घेतली. असं झालं की एका पिनकोडला दोन हब आणि दोन इनचार्ज कोणी ठेवत नाही. पण टीम लीडर पार्सल हलवणाऱ्या माणसांना ओळखतो, त्याला सहसा शेवटी हात लावतात.

विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. कार्गोत जागा निघतील, मात्र तो वेगळा धंदा आहे. तुमची वेळ पाळायची सवय तिथे चालेल, ‘उद्या री-अटेम्प्ट मारू’, म्हणजे आज नाही पोचलं तर उद्या परत नेऊ, ही चालणार नाही. विमान थांबत नाही. मोबाइलची लिथियम बॅटरीसुद्धा तिथे धोकादायक मालात मोडते. त्या मालाच्या हाताळणीचं प्रमाणपत्र आधी घ्या. ते दोन वर्षं चालतं आणि मुलाखतीत सहा वर्षांच्या अनुभवाइतकंच बोलतं. आत जायला प्रवेशपास लागतो, त्यासाठी पोलीस पडताळणी होते आणि ती तिच्या वेगाने होते. तुर्भ्याचा राजीनामा त्या हिशेबाने टाका.