होस्टनेमवरून सर्व्हरची गटवारी : वाचकांचे प्रश्न

(होस्टनेम म्हणजे नेटवर्कवरचं मशीनचं नाव. नावं आणि पॅटर्न वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत.)

प्रश्न : 'नावात प्रॉड असेल तर प्रॉडक्शन गट (प्रत्यक्ष वापरातले सर्व्हर)' असा आमचा नियम. प्रीप्रॉडच्या, म्हणजे त्याआधीच्या चाचणीच्या, मशीनची डिस्क भरली आणि ऑनकॉलवाल्याला रात्री फोन गेला. चुकलं कुठे?

'प्रीप्रॉड'च्या पोटातच 'प्रॉड' आहे. 'नॉनप्रॉड'चंही तेच, आणि 'वेब' शोधायला गेलात तर 'वेबहुक' सापडणार. नियमाने सांगितलं तेवढंच केलं.

नाव तुकड्यांत वाचा. समजा तुमची पद्धत 'पुणे-वेब-प्रॉड-01' अशी आहे : ठिकाण, काम, एन्व्हायर्नमेंट (प्रॉड, प्रीप्रॉड वगैरे), क्रमांक. मग पॅटर्न (रेजेक्स, म्हणजे मजकूर जुळवण्याचं सूत्र) असा :

^[^-]+-[^-]+-प्रॉड-[0-9]+(\.|$)

^ म्हणजे नावाची सुरुवात, [^-]+ म्हणजे हायफन येईपर्यंतचा एक तुकडा. शेवटचा कंस सांगतो की आकड्यांनंतर टिंब यावं किंवा नाव संपावं. त्यामुळे मशीनने नुसतं नाव कळवलं काय किंवा डोमेनसकट कळवलं काय, दोन्ही चालतं. टिंबाआधीची उलटी रेघ गाळू नका. रेजेक्समध्ये नुसतं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. 'पुणे-वेब-प्रीप्रॉड-01' आता बाहेर राहील.

एक सावधगिरी : प्रोमिथियस या मॉनिटरिंग टूलच्या रीलेबल (लेबल बदलण्याच्या) नियमांत रेजेक्स दोन्ही टोकांना आपोआप बांधलेला असतो. तिथे नुसतं 'प्रॉड' लिहिलंत तर वरचं एकही नाव जुळणार नाही. इतर बऱ्याच टूल्समध्ये तेच 'प्रॉड' नावात कुठेही सापडतं. पॅटर्न एका टूलमधून दुसऱ्यात डोळे मिटून चिकटवू नका.

प्रश्न : एकच सर्व्हर दोन गटांत जुळला तर?

टूलवर अवलंबून. ॲन्सिबलमध्ये (सर्व्हरची सेटिंग्ज लावणारं टूल) तो दोन्ही गटांत जातो आणि व्हेरिएबल्स एकत्र होतात. दोन्ही गट एकाच पातळीवर असतील तर ते नावाच्या अक्षरक्रमाने वाचले जातात आणि शेवटच्या गटाची किंमत टिकते. म्हणजे कुणी गटाचं नाव बदललं की सेटिंग बदलू शकतं! प्राधान्य स्पष्ट लिहून ठेवण्याची सोय आहे, ती वापरा.

प्रश्न : विंडोज सर्व्हर नियमातून सुटतात.

नेटबायोस नाव (विंडोजमधलं मशीनचं जुन्या पद्धतीचं छोटं नाव) 15 अक्षरांवर कापलं जातं आणि बहुधा कॅपिटलमध्ये दिसतं. डीएनएसला लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, रेजेक्सला पडतो. केस न पाहण्याचा पर्याय चालू करा आणि नवी नावं 15 अक्षरांतच बसवा. कात्री शेवटाला लागते आणि क्रमांक नेमका तिथेच असतो.

प्रश्न : एका डेव्हलपरने टेस्ट मशीनचं नाव बदललं आणि पपेटने (हेही सर्व्हरची सेटिंग्ज लावणारं टूल) तिला प्रॉडक्शन डेटाबेसचा पासवर्ड देऊन टाकला. हे कसं रोखायचं?

होस्टनेम हा पुरावा नव्हे, तो मशीनचा स्वतःविषयीचा दावा आहे. ज्याच्याकडे रूट (मशीनचे सर्वाधिकार) त्याच्या हातात नाव. पपेटमधल्या साध्या फॅक्ट्स (मशीनविषयीची माहिती) मशीन स्वतःच कळवते, म्हणून त्या कुणीही फिरवू शकतो. ट्रस्टेड फॅक्ट्स सही झालेल्या सर्टिफिकेटमधून येतात. पासवर्ड, की, फायरवॉलची सूट असं काहीही वाटायचं असेल तर गट त्यांवरच बांधा. मात्र नावाचा पॅटर्न जुळला की सर्टिफिकेटवर आपोआप सही होत असेल, तर तीच पळवाट पुन्हा उघडी : नवं मशीन हवं ते नाव सांगून सही मिळवतं.

मॉनिटरिंगचे गट, डॅशबोर्ड, बॅकअपची वेळ यांना होस्टनेम पुरे. माझं मत विचाराल तर गुपितांना ते कधीच पुरेसं नाही, ऑफिसात सगळे कितीही ओळखीचे असोत.

प्रश्न : नवी नावं ठरवतोय. प्रोजेक्टचं नाव घालावं का?

नको. मशीनला एखाद्या प्रोजेक्टचं नाव देऊ नका, हा सल्ला 1990 च्या आरएफसी 1178 (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) मध्येच आहे. प्रोजेक्ट संपतो, मशीन दुसऱ्या कामाला लागतं, नाव तेच राहतं. अंडरस्कोरही टाळा. होस्टनेमला अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं.

क्लाउडमध्ये आपोआप वाढणारे-घटणारे सर्व्हर असतील तर नावाच्या मागेच लागू नका, टॅगवरून (मशीनला क्लाउडमध्ये लावलेल्या खुणेवरून) गट करा.

आणि नियम लागू करण्याआधी सगळ्या होस्टनेमची यादी त्यावरून एकदा फिरवा. कशातच न जुळलेल्यांसाठी 'अवर्गीकृत' गट ठेवा, त्याला कुठलेही अधिकार देऊ नका, आणि त्यात नवं नाव पडलं की टीमला मेल जाऊ द्या.